चित्रांआड दडलेले निरोप

घरांत एखादी मोलाची वस्तु ठेवावयाची झाली म्हणजे पुरुषमाणसें कुलूप शोधतात आणि घरांतील वृद्ध स्त्री पिठाचा डबा शोधते. कुलूप मजबूत असतें खरें. पण जो चोर घरांत शिरतो त्याला धन नेमकें कोठें आहे हें तें कुलूपच सांगतें. पिठाच्या डब्याकडे मात्र तो ढुंकूनहि पाहात नाहीं. निरोप गुप्त ठेवण्याच्या विद्येच्या अशाच दोन शाखा आहेत. सांकेतिक लिपींत लिहिलेलें पत्र हें कुलूपबंद पेटीसारखें असतें. तें वाचतां आलें नाहीं तरी त्यांत कांहीं तरी गुपित आहे हें पाहणाऱ्याला तत्काळ कळतें, आणि पत्र नेणारा पकडला जातो. दुसऱ्या शाखेंत निरोप असा झांकावयाचा असतो कीं, येथें निरोप आहे अशी शंकाच कोणास येऊं नये. युरोपांत या शाखेला ग्रीक भाषेंतून बनविलेलें ‘स्टेगॅनोग्राफी’ हें नांव आहे. त्याचा अर्थ झांकलेलें लेखन.

या विद्येचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे एक गोष्ट वारंवार दिसून येते. निरोप लपविण्याची युक्ति शोधणें फारसें अवघड नसतें. अवघड असतें तें त्यावर घालावयाचें पांघरूण निवडणें. ज्यांनीं पांघरूण नीट निवडलें ते वांचले. ज्यांची निवड चुकली त्यांची युक्ति कितीहि चतुर असली तरी ते फसले.

या विद्येची एक फार जुनी हकीकत ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानें लिहून ठेवली आहे. स्पार्टाचा पदच्युत राजा डेमारेटस हा इराणच्या बादशहाच्या आश्रयास राहात होता. झर्क्सीस बादशहानें ग्रीस देशावर स्वारी करण्याचा बेत केल्याचें त्यास कळलें. ही स्वारी पुढें इ. स. पूर्वी ४८० मध्यें झाली. आपल्या जुन्या देशबांधवांस सावध करावें असें त्याच्या मनांत आलें, पण वाटेवर जागोजाग पहारे होते. त्या काळीं लांकडी पाटीवर मेणाचा थर देत आणि त्या मेणावर टोकदार सळईनें लिहीत. डेमारेटसानें मेण खरवडून काढलें, खालच्या लांकडावर निरोप लिहिला आणि त्यावर पुन्हां मेण पसरलें. पहारेकऱ्यांना कोरी पाटी दिसली. त्यांनीं ती जाऊं दिली. ती स्पार्टांत पोंचल्यावर तेथील शहाणे लोकहि बुचकळ्यांत पडले. अखेर राजा लिओनिडास याची पत्नी गॉर्गो हिनें मेण खरवडून पाहण्यास सुचविलें, तेव्हां निरोप उजेडांत आला.

येथें काम साधलें. पण गॉर्गोला जी शंका आली तीच एखाद्या चाणाक्ष पहारेकऱ्याला आली असती तर? एवढ्या लांबून कोरी पाटी कोण कशाला पाठवील? कोरें पांघरूण वरवर निर्दोष दिसतें. पण जेथें कांहीं तरी असावयास हवें तेथें कांहींच नसणें हीच मोठी खूण होऊन बसते.

आपल्या प्राचीन राजनीतिकारांनीं हें मर्म ओळखलें होतें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दूताच्या कर्तव्यांचें वर्णन आहे. परराज्यांत गेलेल्या दूतानें हेरांकडील वर्तमान कसें समजून घ्यावें हें सांगतांना कौटिल्य भिकारी, मद्यपी, वेडे आणि झोपेंत बरळणारे यांच्या बोलण्याचा उल्लेख करतो, आणि त्याबरोबरच तीर्थस्थानें व देवळें येथील चित्रें, लेख व खुणा यांचाहि निर्देश करतो. यांतील निवड पाहण्यासारखी आहे. वेड्याच्या बडबडीचा अर्थ कोणी लावीत बसत नाहीं. देवळाच्या भिंतीवर चित्र असणें यांत नवल नाहीं, आणि यात्रेकरूनें तें निरखीत उभें राहणें यांतहि नवल नाहीं. करपल्लवी आणि नेत्रपल्लवी हे शब्द मराठींत रूढ आहेत. त्यांतहि तत्त्व हेंच कीं, बोटांची वा डोळ्यांची हालचाल ही माणसाला स्वाभाविक असल्यामुळें तिच्यांतून बोललेलें भोंवतालच्या मंडळींच्या ध्यानांत येत नाहीं.

पांघरुणाची निवड चुकली म्हणजे काय होतें याचें ठळक उदाहरण युरोपांतील एका विद्वान मठाधिपतीच्या चरित्रांत सांपडतें. जर्मनींतील स्पोनहाइम येथील मठाचा अधिपति योहानेस ट्रिथेमियस यानें १४९९ च्या सुमारास ‘स्टेगॅनोग्राफिया’ नांवाचा ग्रंथ लिहिण्यास घेतला. या विद्येचें नांव ज्या ग्रंथावरून रूढ झालें तोच हा ग्रंथ. त्यांत गुप्त लेखनाच्या पद्धति सांगितलेल्या आहेत. परंतु त्या उघडपणें न सांगतां ट्रिथेमियसानें त्यांवर भुताखेतांना आवाहन करण्याच्या मंत्रांचें पांघरूण घातलें. दूरच्या माणसास देवदूतांकरवीं निरोप कसा पाठवावा, अशा थाटांत सर्व विवेचन केलें. ज्या काळांत चेटुकाच्या नुसत्या संशयावरून माणसांना जाळीत असत, त्या काळांत हें पांघरूण! व्हावयाचें तेंच झालें. ट्रिथेमियस भुतें वश करतो अशी वदंता पसरली, आणि ती त्याला जन्मभर भोंवली. ग्रंथ त्याच्या हयातींत छापला गेला नाहीं. तो १६०६ सालीं फ्रँकफुर्ट येथें प्रसिद्ध झाला, आणि तीनच वर्षांनीं रोमच्या धर्मपीठानें त्यास निषिद्ध ग्रंथांच्या यादींत घातलें. त्याच्या तिसऱ्या भागांतहि मंत्रांच्या व ग्रहांच्या कोष्टकांखालीं साधी सांकेतिक लिपीच आहे, हें थॉमस अर्न्स्ट आणि जिम रीड्स या दोन संशोधकांनीं १९९० नंतरच्या दशकांत सिद्ध केलें. म्हणजे गुपित जवळजवळ पांचशें वर्षें टिकलें. पण त्या गुपितापेक्षां पांघरूणच अधिक भयंकर ठरलें. लपविलेली वस्तु निरुपद्रवी आणि वरचें आवरण संशयास्पद, असा हा उलटा न्याय झाला.

याच्या अगदीं उलट, पांघरूण कसें निवडावें याचा पाठच एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें घालून दिला आहे. पुढें बालवीर चळवळीचा संस्थापक म्हणून जगभर प्रसिद्धि पावलेला रॉबर्ट बेडन-पॉवेल हा तो अधिकारी. त्याच्या लष्करी नोकरीचा आरंभ १८७६ सालीं हिंदुस्थानांतच झाला. १८९० नंतर कांहीं वर्षें माल्टा येथें राहून भूमध्यसमुद्राच्या प्रदेशांतील लष्करी माहिती मिळविण्याचें काम त्याच्याकडे होतें. आपल्या हेरगिरीच्या आठवणी त्यानें १९१५ सालीं ‘माय ॲडव्हेंचर्स ॲज ए स्पाय’ या लहानशा पुस्तकांत सांगितल्या, आणि त्यांत आपलीं चित्रेंहि छापलीं.

त्यांतील एक हकीकत डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरील आहे. समुद्राचा एक चिंचोळा फांटा तेथें डोंगरांच्या कुशींत दूरवर आंत शिरतो, आणि त्याच्या टोकाशीं कात्तारो हें गांव आहे. आज हें गांव कोटोर या नांवानें माँटेनिग्रो देशांत मोडतें. तेव्हां तें ऑस्ट्रियाच्या ताब्यांत होतें. भोंवतालच्या डोंगरांवर तोफांचे मोर्चे कोठें आणि किती आहेत, हें बेडन-पॉवेल यास पाहावयाचें होतें. त्यानें बरोबर काय घेतलें? एक चित्रांची वही, एक रंगांची पेटी आणि फुलपाखरें पकडण्याची जाळी. वहींत फुलपाखरांचीं अनेक चित्रें होतीं. कांहीं पुरीं झालेलीं, कांहीं अर्धवट. किल्ल्याजवळच्या एकाकी डोंगरवाटेवर कोणी पहारेकरी भेटला तर हा गृहस्थ वही उघडून दाखवी आणि विचारी, असलें फुलपाखरूं या बाजूस कोठें दिसलें काय? त्यानेंच लिहिल्याप्रमाणें, शंभरांतील नव्व्याण्णव लोकांना एक फुलपाखरूं दुसऱ्यापासून ओळखतां येत नाहीं, आणि त्यालाहि तें येत नव्हतें. शिपायांना या वेड्या इंग्रजाची कींव येई व ते त्यास जाऊं देत.

त्यांनीं ज्या चित्राकडे कौतुकानें पाहिलें त्यांतच त्यांचा किल्ला होता. पंखांवरील नाजुक शिरांच्या रेषा म्हणजे किल्ल्याच्या तटांचा आराखडा. फुलपाखराचें डोकें उत्तर दिशा दाखवी. पंखांवर लहानमोठे ठिपके होते. त्यांतील जे ठिपके रेषांवर पडलेले, ते तोफांचा प्रकार व आकार दाखवीत. जे रेषांच्या मधल्या जागेंत होते त्यांना कांहींच अर्थ नव्हता. दुसऱ्या एका चित्रांत आयव्ही वेलीच्या पानाच्या शिरांत, तर आणखी एकांत पतंगाच्या डोक्याच्या आकृतींत असाच किल्ला दडविलेला होता.

या चित्राची थोडी चिकित्सा केली पाहिजे, कारण पांघरुणाच्या निवडीचे बहुतेक सर्व नियम त्यांत एकवटले आहेत. पहिली गोष्ट, पांघरूण स्थळाला साजेसें होतें. डोंगरउतारावर फुलपाखरें असावयाचींच. दुसरी गोष्ट, तें नेणाऱ्याला शोभणारें होतें. जाळी घेऊन रानोमाळ भटकणारा छांदिष्ट इंग्रज ही त्या काळच्या युरोपांतील ओळखीची मूर्ति होती. तिसरी गोष्ट, ज्याच्या डोळ्यांखालून तें जावयाचें त्या शिपायाला त्या विषयाचें ज्ञान नव्हतें. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. फुलपाखराचा पंख ही मुळांतच इतकी चित्रविचित्र वस्तु आहे कीं, तिच्यांत चार ठिपके अधिक झाले काय किंवा चार कमी झाले काय, पाहणाऱ्यास फरक कळूं नये. एखाद्या देवळाच्या घुमटाचें वा सरळ भिंतींच्या घराचें चित्र असतें, तर एक वांकडी रेघहि खटकली असती. आणि पांचवी गोष्ट, त्या वहींत निर्दोष चित्रेंहि पुष्कळ होतीं. दहा खऱ्या चित्रांच्या मेळ्यांत अकरावें खोटें चित्र सहज मिसळून गेलें. निरर्थक ठिपक्यांत अर्थाचे ठिपके, आणि निर्दोष चित्रांत सदोष चित्र, असें हें दुहेरी पांघरूण होतें.

मात्र ही हकीकत छापून प्रसिद्ध झाली त्या दिवशीं हें पांघरूण निकामी झालें. एकदां वापरून उघडकीस आलेलें पांघरूण पुन्हां वापरतां येत नाहीं, हा सहावा नियमहि त्याच पुस्तकानें शिकविला.

दुसऱ्या महायुद्धांत पहारेकऱ्यांची जागा टपाल तपासणाऱ्यांनीं घेतली. १९४१ च्या डिसेंबरांत अमेरिकेनें टपाल तपासणीचें स्वतंत्र खातें उघडलें. परदेशीं जाणारीं लाखों पत्रें तेथें वाचलीं जात. कोणत्या निरुपद्रवी वस्तूखालीं निरोप असेल याचा नेम नसल्यामुळें तपासनीस सगळ्याच वस्तूंकडे संशयानें पाहूं लागले. टपालानें बुद्धिबळाचे डाव खेळण्यास बंदी झाली. शब्दकोडीं आणि लोकरीच्या विणकामाच्या टांक्यांचे तक्ते अडविले जात. आजोबा-आजींना पाठविलेलीं नातवंडांचीं रेघोट्यांचीं चित्रेंसुद्धां काढून घेतलीं जात, कारण त्यांतील एखाद्या रेघोटींत नकाशा असूं शके. एका घराच्या आनंदावर युद्धानें अशीहि बोटें ठेवलीं.

या तपासनीसांच्याच गोटांतील एक चित्र प्रसिद्ध आहे. १९४५ च्या मे महिन्यांत त्यांचे एक वरिष्ठ अधिकारी कर्नल शॉ हे टेक्सास प्रांतांतील सॅन अँटोनियो या शहरीं आले. त्यांच्या स्वागतार्थ तेथील मंडळींनीं शहरांतून वाहणाऱ्या नदीचें एक रेखाचित्र काढलें. नदी, तिच्यावरील पूल, कांठावरील गवत, असें तें साधें चित्र होतें. पण गवताचीं पातीं कांहीं आंखूड व कांहीं लांब होतीं. आंखूड पातें म्हणजे तारायंत्राच्या मोर्स लिपींतील ठिपका आणि लांब पातें म्हणजे रेघ! त्या गवतांत कर्नलसाहेबांना उद्देशून स्वागताचे शब्द लिहिलेले होते. ज्यांचा धंदाच पांघरुणें उचकटण्याचा, त्यांनीं स्वतःसाठीं कोणतें पांघरूण निवडावें? गवत. फुलपाखराच्या पंखाप्रमाणेंच गवतालाहि नियम नसतो. कोणतें पातें केवढें असावें हें कोणीच ठरविलेलें नसतें.

त्याच युद्धांतील एक दुसरी हकीकत चित्राची नव्हे, तर शब्दांच्या पांघरुणाची आहे. पण ती येथें सांगण्याजोगी आहे. न्यूयॉर्क शहरांत व्हेल्व्हली डिकिन्सन ही बाई बाहुल्यांचें दुकान चालवीत असे. ती जपानसाठीं अमेरिकेच्या युद्धनौकांची माहिती पाठवी. पत्रांत मजकूर बाहुल्यांचा असे. दुरुस्तीस टाकलेल्या बाहुल्या म्हणजे गोदींत दुरुस्तीसाठीं आलेलीं जहाजें. बाहुल्यांचें पांघरूण तिच्या धंद्याला साजेसेंच होतें. तिनें चूक केली ती निराळीच. पत्रांखालीं तिनें आपलें नांव न घालतां आपल्या गिऱ्हाइकांचीं नांवें घातलीं. पत्रें ज्या पत्त्यावर दक्षिण अमेरिकेंत ब्वेनोस आयरेस येथें जावयाचीं, तेथें कोणी नसल्यामुळें तीं परत आलीं आणि त्या गिऱ्हाईक स्त्रियांच्या हातीं पडलीं. आपण न लिहिलेलीं पत्रें पाहून त्या चकित झाल्या व त्यांनीं तीं सरकारकडे दिलीं. या सर्व स्त्रियांचा पत्रव्यवहार एकाच दुकानाशीं होता, हें शोधण्यास मग वेळ लागला नाहीं. १९४४ सालीं डिकिन्सन हिला दहा वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंड झाला. पांघरूण चांगलें होतें, पण तें पांघरणाराच्या अंगावर बसत नव्हतें.

विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणक आले आणि ही जुनी विद्या नव्या वेषांत अवतरली. संगणकांतील छायाचित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची एक रांगोळीच असते. काळ्या-पांढऱ्या चित्रांत प्रत्येक ठिपक्याची छटा एका आंकड्यानें लिहिलेली असते. शून्य म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. एखाद्या ठिपक्याची छटा १०० ऐवजीं १०१ केली तर डोळ्यांना कांहींच कळत नाहीं. याच दुर्बलतेचा उपयोग करून घेतात. सम आंकडा म्हणजे मोर्स लिपींतल्यासारखी एक खूण आणि विषम आंकडा म्हणजे दुसरी. अशा आठ ठिपक्यांत रोमन लिपींतील एक अक्षर मावतें. लांबींत हजार व रुंदींत हजार ठिपके असलेल्या चित्रांत दहा लक्ष ठिपके असतात. म्हणजे सव्वा लक्ष अक्षरांचें एक पुस्तकच त्यांत दडवितां येतें, आणि चित्र जसेंच्या तसें दिसतें.

हें ऐकून कोणासहि वाटेल कीं, आतां कोणतेंहि चित्र घ्यावें आणि त्यांत हवें तें लपवावें. प्रथम अनेकांचा समज असाच होता. तो समज १९९९ सालीं जर्मनींतील ड्रेस्डेन येथील वेस्टफेल्ड आणि फिट्समन या दोन संशोधकांनीं खोटा ठरविला. चित्रांतील ठिपक्यांचे फक्त सम-विषम भेद वेगळे काढून पाहिले, तर पुष्कळ चित्रांत त्यांतहि मूळ वस्तूची अस्पष्ट आकृति दिसते. निरोप दडविला कीं ती आकृति पुसली जाते आणि तेथें सारखी धूळ पसरल्यासारखें दिसतें. शिवाय निर्दोष चित्रांत १०० छटेचे ठिपके आणि १०१ छटेचे ठिपके यांची संख्या सारखी असतेच असें नाहीं. निरोपानें भरलेल्या चित्रांत मात्र या जोडीची संख्या जवळजवळ सारखी होते. डोळे फसले तरी मोजणी फसत नाहीं.

तेव्हां पुन्हां तोच जुना प्रश्न उभा राहिला, पांघरूण कोणतें? आणि उत्तरेंहि ओळखीचींच निघालीं. निरभ्र आकाश किंवा पांढरी भिंत यांचें छायाचित्र वाईट, कारण तेथें शेजारशेजारचे ठिपके एकसारखे असतात आणि लहानसा फरकहि उघडा पडतो. हीच डेमारेटसची कोरी पाटी. मोजक्या रंगांचें व्यंगचित्रहि त्याच कारणानें वाईट. सर्वांना माहीत असलेलें चित्र घेतलें तर कोणीहि मूळ प्रत आणून ताडून पाहील. एकच चित्र दोनदां वापरलें तर त्या दोन प्रतीच एकमेकींविरुद्ध साक्ष देतील. म्हणून छायाचित्र आपण स्वतः काढलेलें असावें, काम होतांच त्याची मूळ प्रत नष्ट करावी, आणि विषय वाळू, झाडाची साल, गवत किंवा पानांची दाटी असा असावा. चित्राला पूर्वेतिहासहि असतो. जागा वांचविण्यासाठीं छायाचित्रें संगणकांत दाबून ठेवतात, तेव्हां चित्राचे आठ-आठ ठिपक्यांचे चौकोन करून त्यांवर प्रक्रिया होते. असें एकदां दाबलेलें चित्र पुन्हां मोकळें करून त्यांत निरोप घातला, तर त्या चौकोनांच्या जुन्या खुणांशीं नवा फरक जुळत नाहीं. अमेरिकेंतील जेसिका फ्रिड्रिच व त्यांचे सहकारी यांनीं २००१ सालीं दाखवून दिलें कीं, अशा चित्रांत अगदीं थोडा बदलहि ओळखतां येतो.

त्याच वर्षीं नील्स प्रोव्होस व पीटर हनीमन या संशोधकांनीं लिलावाच्या एका संकेतस्थळावरील वीस लक्ष चित्रें संगणकाकरवीं तपासल्याचें प्रसिद्ध केलें. त्यांत दडविलेला निरोप एकहि मिळाला नाहीं. यावरून तेथें निरोप नव्हतेच असें समजावें, कीं होते ते उत्तम झांकलेले होते असें समजावें? या विद्येचें यशच असें आहे कीं, त्याचा पुरावा मागें राहात नाहीं. इतिहासाला कळतात त्या बहुधा फसलेल्यांच्या हकीकती.

अशीच एक हकीकत २०१० सालची आहे. त्या वर्षीं जून महिन्यांत अमेरिकेंत दहा रशियन हेर पकडले गेले. त्यांतील कांहीं जण सामान्य नागरिकांप्रमाणें संसार थाटून वर्षानुवर्षें राहात होते. उघड्या संकेतस्थळांवरील साध्या चित्रांत निरोप दडविण्याची सामग्री त्यांच्याकडे होती. चित्रांकडे पाहून कोणाला संशय आला नसता. पण एका घराच्या झडतींत तपास करणाऱ्यांना एक कागद दिसला, आणि त्यावर २७ खुणांचा परवलीचा शब्द लिहून ठेवलेला होता. पिठाचा डबा उत्तम निवडला आणि त्याची खूण दारावर चिकटविली, असा हा प्रकार झाला.

अडीच हजार वर्षांच्या या इतिहासांत मेणाची पाटी गेली, रंगांची पेटी गेली, आणि ठिपक्यांचें छायाचित्र आलें. पाहणारा मनुष्य मात्र तोच राहिला. त्याच्या नजरेला कशाची सवय आहे, तो कशाला कंटाळतो, कशाकडे दुर्लक्ष करतो, हें ओळखणें हीच पांघरुणाची पारख. हेराचा जीव या पारखीवर अवलंबून असतो, आणि राज्याचें रक्षण ती पारख उलटविणाऱ्यावर अवलंबून असतें. शिपायाच्या अज्ञानावर बेडन-पॉवेल निर्धास्त होता, ही गोष्ट त्यानें स्वतःच सांगितली आहे. कात्तारोच्या डोंगरावर त्या दिवशीं पहाऱ्यास उभ्या असलेल्या शिपायांपैकीं एकालाहि लहानपणीं फुलपाखरांचा नाद असता, तर त्यानें वही हातांत घेतांच म्हटलें असतें, ‘महाराज, अशा पंखांचें फुलपाखरूं या डोंगरांत नाहीं.’ आणि तेवढ्या एका वाक्यावर किल्ला वांचला असता.